मदतीचा धनादेश आणि हक्काची भरपाई

23 एप्रिल 2021 रोजी पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि करोनाच्या तेरा रुग्णांचा जीव गेला. त्याच दिवशी मदतीचे आकडेही जाहीर झाले : राज्य सरकारकडून प्रत्येकी पाच लाख, पंतप्रधान मदतनिधीतून दोन लाख. अशी मदत द्यायलाच हवी. घरभाडे आणि मुलांची फी कोर्टाच्या तारखांसाठी थांबत नाहीत. पण सरकारी मदत चूक कोणाची होती हे विचारत नाही, आणि गेलेला माणूस त्या घराला काय होता हेही विचारत नाही. निवृत्त आजोबा गेले तरी तेवढीच रक्कम, तिशीतली कमावती आई गेली तरी तेवढीच. हे दोन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे न्यायाधीशाच्या सहीनिशी मिळवणे, हे अपघात आणि वैद्यकीय निष्काळजीपणाचे दावे लढवणाऱ्या वकिलाचे काम. आपल्याकडे मदतीलाच भरपाई समजून लोक घरी बसतात, त्यामुळे हा वकील आठवतो तोवर फार उशीर झालेला असतो.

विलायतेत या कामात दोघे असतात. कागद जमवणारा सॉलिसिटर वेगळा, कोर्टात उभा राहणारा बॅरिस्टर वेगळा. आपल्याकडे 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने वकिलांचा एकच वर्ग केला, त्यामुळे वसई कोर्टातल्या वकिलाला हिशेबही मांडावा लागतो आणि उलटतपासणीही घ्यावी लागते. हिशेब म्हणजे काय ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. महामार्गावर वसई फाट्याजवळ ट्रकच्या धडकेत बत्तीस वर्षांचा रिक्षाचालक गेला, महिन्याची कमाई वीस हजार, मागे बायको, दोन मुले आणि आई. वर्षाचे झाले 2 लाख 40 हजार. स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीपोटी 40 टक्के धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या प्रणय सेठी निकालात ठरवले. ते धरून 3 लाख 36 हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा केला की उरले 2 लाख 52 हजार, आणि त्या वयाला 2009 च्या सरला वर्मा निकालातला गुणक आहे 16. गुणाकार 40 लाख 32 हजारांवर जातो. अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा त्यावर वेगळ्या. अर्थात कमाईचा पुरावा हवा. तो नसला की विमा कंपनीचा वकील वीस हजारांचे आठ हजार करायला बसलेलाच असतो.

विरार लोकलच्या दारातून पडलेल्या प्रवाशाचे गणित निराळे. रेल्वे कायद्याच्या कलम 124-अ खाली रेल्वेची चूक दाखवावीच लागत नाही; मृत्यूसाठी 1 जानेवारी 2017 पासून आठ लाख रुपये ठरलेले आहेत. हा हक्क आहे, उपकार नव्हे. भांडण होते ते एका मुद्द्यावर : माणूस गाडीतून पडला की रूळ ओलांडताना गाडीखाली आला? पहिल्याला आठ लाख, दुसऱ्याला या कलमाखाली काहीच नाही. मृतदेहाजवळ तिकीट किंवा पास सापडला नाही म्हणून पूर्वी अनेक दावे फेटाळले जात. 2018 च्या रीना देवी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तेवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे ठरत नाही. मग स्टेशन मास्तरच्या मेमोतल्या आणि पंचनाम्यातल्या दोन ओळींना सोन्याचे मोल येते, आणि त्या ओळी लिहिल्या जातात तेव्हा घरचे लोक शवागाराबाहेर बसलेले असतात.

वैद्यकीय निष्काळजीपणा यांत सर्वांत अवघड, कारण उपचार फसले म्हणजे डॉक्टर चुकला असे होत नाही. या बाबतीत देशाला वाट दाखवणारा खटला मराठी मुलुखातलाच आहे. मे 1953 मध्ये पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले, आणि तिथल्या रुग्णालयात हाड बसवल्यानंतर तो दगावला. दाखल्यावर कारण लिहिले होते फॅट एम्बोलिझम, म्हणजे रक्तवाहिनीत चरबी अडकणे. वडील स्वतः दौंडचे डॉक्टर, त्यांनी दावा लावला. भूल न देता जोर लावून हाड बसवल्याने बसलेला धक्का हे खरे कारण, असे न्यायालयाने मानले, आणि 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन हजारांची भरपाई कायम केली. रुग्ण घ्यायचा की नाही, कोणता उपचार द्यायचा, तो कसा द्यायचा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने वाजवी काळजी घ्यावी, हे सूत्र याच जोशी विरुद्ध गोडबोले निकालातून आजही उद्धृत होते. त्यापुढचा डोंगर म्हणजे कार्यकारणाचा. अतिदक्षता विभागातला रुग्ण तसाही वाचला नसता, असा बचाव हमखास येतो. त्याला उत्तर रागाने देता येत नाही. नर्सच्या नोंदी, औषधांच्या वेळा आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत यांतूनच ते निघते.

डॉक्टर म्हणतात, या दाव्यांच्या भीतीने आम्ही गरज नसलेल्या तपासण्या करतो आणि अवघड रुग्ण पुढे पाठवतो. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो असे म्हटले आणि दुसऱ्या डॉक्टरचे निष्पक्ष मत घेतल्याशिवाय पोलिसांनी पुढे जाऊ नये असेही बजावले. माझ्या मते दिवाणी दावा डॉक्टरच्याही हिताचा आहे. काचा फोडणाऱ्या जमावापुढे त्याला बाजू मांडता येत नाही, कोर्टापुढे किंवा ग्राहक आयोगापुढे येते. विलंबाचा आक्षेप मात्र खोडता येत नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 साली नसबंदीच्या वेळी पोटात टॉवेल राहून एक बाई दगावली. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरून 36 हजारांचा हुकूमनामा कायम केला तो 1996 मध्ये. तेहेतीस वर्षे! ही व्यवस्थेची लाज आहे. पण त्याच निकालामुळे सरकारी रुग्णालयातल्या चुकीला सरकारच जबाबदार, हे आज नव्याने भांडून मिळवावे लागत नाही. पाच लाखांच्या धनादेशाने असे काही मागे ठेवले नसते.

पैसे मोजून उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोगाचे दार 1995 पासून उघडे आहे. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. रेल्वेच्या दाव्याला एक वर्ष. मोटार अपघाताला 2022 पासून कायद्याने सहाच महिने दिले आहेत. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले असले तरी त्या भरवशावर राहू नये. केस पेपर मागितल्यावर 72 तासांत द्यावेत, असा वैद्यकीय परिषदेचा 2002 चा नियम आहे. तो अर्ज लेखी करा, पोच घ्या, आणि मदतीच्या धनादेशाबरोबर काही लिहून द्यायला सांगितले तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.