फुंकर किती जोरात मारायची?

सूक्ष्मदर्शकाखाली खडकात अडकलेल्या जीवाश्म हाडाचा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा दिसतो आहे. ते हाड खडकातून मोकळं करणारीच्या उजव्या हातात पिनव्हाइस, म्हणजे पेन्सिलसारख्या दांड्यात घट्ट बसवलेली पोलादी सुई. डाव्या हातात रबरी फुगा, कॅमेऱ्याच्या लेन्सवरची धूळ उडवायला वापरतात तो. सुईने खडकाचा कण सुटतो. फुगा एकदा दाबला जातो. मग ती थांबून बघते आणि पुन्हा सुई टेकवते. नमुना वाळूच्या लहान पिशवीवर टेकवलेला असतो, त्यामुळे तो हलत नाही आणि खालून दाबही बसत नाही.

पाहणाऱ्याला वाटतं, खरं काम सुईचं आणि धूळ झटकणं हे मागचं आवरणं. प्रत्यक्षात धूळ काढल्याशिवाय सुई कुठे टेकवायची हेच कळत नाही. हाड आणि खडक यांतला फरक बहुतेक वेळा रंगाचा आणि पोताचा असतो. खडक खरवडला की त्याची फिकट भुकटी दोन्हींवर बसते आणि पिठाच्या गिरणीतल्या वस्तूंसारखं सगळं एकाच रंगाचं दिसू लागतं. अशा वेळी सुई अर्धा मिलिमीटर जरी पुढे गेली, तरी हाडाच्या पृष्ठभागावर कायमचा ओरखडा उठतो.

मग तोंडानेच का फुंकू नये? सवयीने हात फुग्याकडे जाण्याआधी ओठ पुढे येतातच. पण तोंडाच्या फुंकरीत ओलावा असतो, थुंकीचे तुषार असतात, आणि उडालेली भुकटी समोरच टेकवलेल्या डोळ्यांत आणि नाकात जाते. हवेच्या डब्याचा मोह त्याहून मोठा. संगणकाचा कीबोर्ड साफ करायला मिळणारा हा डबा तिरपा झाला की त्यातून द्रवरूप वायू बाहेर पडतो आणि जिथे पडतो तो भाग गारठून जातो. शिवाय त्याचा झोत नाजूक हाडासाठी फार जोराचा. सुटू पाहणारी कपची त्या झोताने खोलीत कुठेही जाऊन पडू शकते. फुग्याचं बरं असतं. किती दाबायचं ते बोटांना कळतं, तो नमुन्यापासून लांब-जवळ धरता येतो, आणि वीज लागत नाही. या सगळ्या मांडामांडीत सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे बहुधा हा फुगाच असतो.

कुंचला वेगळ्या कामाचा. फुग्याने न हलणारी, खाचेत दबलेली भुकटी मऊ केसांचा बारीक कुंचला बाहेर काढतो. मात्र हाडाला नुकताच पॅरालॉइड बी-72 चा हात दिला असेल, तर कुंचला आणि धूळ दोन्ही दूर ठेवावे लागतात. अॅसिटोनमध्ये विरघळवलेलं हे रेझिन ठिसूळ हाड धरून ठेवतं, पण धुळीवर लावलं तर धुळीलाही तितक्याच इमानाने धरून ठेवतं. मग तो थर अॅसिटोनने सैल करत बसायचं. म्हणून आधी धूळ काढायची, मग रेझिन लावायचं. घाईत हा क्रम उलटला की तासाभराचं काम वाढलंच.

या संथपणातून काय हाती येतं, याचं एक उदाहरण भारतातलंच आहे. गुजरातमधल्या धोली डुंगरी इथे 1984 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांना डायनासोरच्या अंड्यांसोबत काही लहान हाडं मिळाली. ती डायनासोरच्या पिलाची असावीत असं आधी वाटलं होतं. 2001 मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी नमुना पाहिला आणि त्यातले मणके सापाचे असल्याचं ओळखलं. पुढे रीतसर करार होऊन नमुना मिशिगनला गेला. तिथे भोवतीचा खडक काढायला पूर्ण वर्ष लागलं. त्यातून फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटर लांबीचा साप समोर आला. 2010 मध्ये त्याचं नाव जाहीर झालं: सानाजेह इंडिकस. एवढ्या शोधाच्या बातमीत ते खडक काढण्याचं वर्ष एका वाक्यात आटोपतं, हे थोडं अन्यायाचंच.

खडक कठीण असेल तर दाबाच्या हवेवर चालणारी टोचणी, म्हणजे एअर स्क्राइब, हाती घेतात. खाण्याच्या सोड्यासारख्या मऊ भुकटीचा बारीक झोत मारणारं यंत्रही असतं. पण ते काचेच्या बंद पेटीत हात घालून चालवायचं, आणि पेटीला जोडलेला नळ धूळ ओढून घेत असतो. यंत्र मोठं झालं की धूळही मोठी होते.

ही धूळ टाकायची नसते, निदान लगेच नाही. नमुन्याखाली ट्रे ठेवलेला असतो. दिवसाची भुकटी बारीक चाळणीतून काढून भिंगाखाली तपासतात, कारण माशाचा किंवा सरड्याचा एखादा दात अशाच भुकटीत निघतो. मग ती नमुन्याचा क्रमांक लिहिलेल्या पिशवीत जाते. मेजावर उरलेल्या धुळीला मात्र झाडू लावायचा नाही. वाळूच्या खडकात सिलिका असते, आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण वर्षानुवर्षं छातीत गेले तर सिलिकोसिस होतो. त्यामुळे चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क, कामाच्या जागेजवळ हवा ओढणारं तोंड, आणि शेवटी हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं.

व्हॅक्यूमच्या तोंडाला काही जण जाळीदार कापड बांधतात. चुकून हाडाची कपची ओढली गेलीच, तर ती कापडावर अडकून सापडते.