न दिसलेल्या खेळाडूचा भाव

प्रो कबड्डीच्या 2022 सालच्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतील पहिल्या दोन संघांचे 24 खेळाडू यादीत घेण्यात आले. महाविद्यालयीन खेळाडूस ही वाट खुली झाली, हे स्वागतार्हच. परंतु प्रतवारी झाली ती संघाची, खेळाडूची नव्हे. नांदुऱ्याच्या एखाद्या चढाईपटूने अमरावती विद्यापीठाच्या संघात स्थान मिळवून उत्तम चढाया केल्या, पण संघ अंतिम फेरीपूर्वीच बाद झाला, तर या वाटेवर त्याचे नाव उरत नाही. सहा जण दुबळे म्हणून सातवाही दुबळा, हा कोठला न्याय?

अमेरिकी फुटबॉलमध्ये 1936 पासून विद्यार्थी-खेळाडूंची क्रमाने निवड होते. आधीच्या मोसमात तळाशी राहिलेल्या संघास पहिला मान मिळतो. तेथे एकेकाची धाव, उडी, वजन, सारे मोजतात. तरीही 2000 साली टॉम ब्रेडीचा क्रमांक 199 वा लागला, आणि पुढे त्याने सात अजिंक्यपदे मिळविली! मोजलेल्यांची ही गत, तर न मोजलेल्यांचे काय बोलावे?

कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई याला 2018 साली 36.40 लाख रुपये मिळाले. 2019 साली 1 कोटी 45 लाख. वर्षभरात त्याचे बळ चौपट झाले नव्हते. तो लोकांना दिसला होता, इतकेच. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतील प्रत्येक चढाई आणि पकड खेळाडूच्या नावापुढे नोंदवून ती वही विद्यापीठाने दरवर्षी प्रसिद्ध करावी. त्यास एक गुणलेखक आणि दोनशे पानी वही पुरेशी आहे.