कलमतराश

रमजानमध्ये अस्रची नमाज झाली की फर्दापूरच्या घरांतून चाकू बाहेर निघतात. टरबूज, खरबूज, पपई. दस्तरखानासाठी फळं चिरायची असतात. चाकू बोथट असेल तर घरातले दादाजान हमखास विचारणार, ‘‘टरबूज कापतोस की चेंगरतोस?’’ त्या पिढीला धारेची पारख आहे, आणि ती स्वयंपाकघरातून आलेली नाही.

खिशातल्या छोट्या, मिटणाऱ्या चाकूला उर्दूत जुना शब्द आहे : कलमतराश, म्हणजे कलम तासणारा. इंग्रजीतला ‘पेननाइफ’ही तोच, तिकडे पिसाची लेखणी, इकडे बोरू. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि शिक्षणाचं माध्यम उर्दू. तख्तीवर मुलतानी माती पोतायची, वाळवायची आणि बोरूनं अलिफ-बे गिरवायचे. मोडी लिहिणाऱ्यांच्या हातीही बोरूच असे. त्यामुळे मुलाला मिळणारा पहिला चाकू हे खेळणं नसे, दप्तरातलं अवजार असे.

बोरू तासणं सोपं नाही. आधी तिरपा काप घ्यायचा, आतला गाभा खरवडायचा, टोकाला मधोमध चीर द्यायची. मग शेवटी ‘कत’, टोकावरचा आडवा छेद. तो एकाच दाबात, ‘कट्’ आवाज करून पडला पाहिजे. अक्षराची जाडी यावरच ठरते. नस्तालीकमध्ये अक्षरांची मापंही या कतच्या ठिपक्यांनीच मोजतात. तेराव्या शतकातला बगदादचा याकूत अल-मुस्तसिमी हा थोर सुलेखनकार कत तिरका देण्यासाठीच ओळखला जातो.

चाकूची लायकी इथं उघडी पडते. जत्रेतला, चकचकीत मुठीचा चाकू दोन बोरूंतच हरतो. मऊ लोखंडाची धार वळते, बोरूचे तंतू चिरडतात आणि शाई फुटते. फार कडक पातं असेल तर त्याचे टवके उडतात. बिजागरी सैल असेल तर पातं डुगडुगतं आणि कत वाकडा जातो. चांगल्या पात्याला मराठीत ‘पाणी’ असतं आणि उर्दूत ‘आब’. शब्द दोन, अर्थ एकच. हे कुणी शिकवावं लागत नसे. बिघडलेली तख्ती पुसून पुन्हा लिहावी लागली की आपोआप कळे. मग चांगला चाकू जपला जाई : दगडावर तेलाचा थेंब टाकून धार, वापरल्यावर पुसून कोरडा, आणि कुणालाही उसना नाही!

रमजान हा कुरआन अवतरल्याचा महिना. पहिल्या वहीतच कलमचा उल्लेख आहे, आणि ‘अल-कलम’ नावाची स्वतंत्र सूरहही आहे. तरीही कलम ज्यानं घडते, ते अवजार मात्र मुलांच्या खिशातून गेलं. बॉलपेन आलं, शार्पनर आले आणि शाळेत चाकू नेणं गैर ठरलं. ते बरोबरच आहे. टोकदार वस्तू पोरांच्या हाती काय करील, याचा भरवसा कुणी द्यावा?

मोठ्यांचाही देता येत नाही. फर्दापूरजवळच्याच अजिंठ्यात, दहाव्या लेण्यातल्या खांबावरच्या चित्रावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं आपलं नाव आणि एप्रिल १८१९ ची तारीख कोरून ठेवली आहे. ती अक्षरं आजही तिथं आहेत.