तेराव्यानंतरची कामं

तेरावं उरकतं, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग कागद सुरू होतात. मृत्यूचा दाखला, बँक, विमा, प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन, गॅसचं कनेक्शन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावाकडचा सातबारा. सुटं सुटं पाहिलं तर यातलं बहुतेक काम साधं असतं. अर्ज भरायचा, झेरॉक्स जोडायच्या, रांगेत उभं राहायचं. तरीही कितीतरी घरांत ही कामं वर्षानुवर्षं पडून राहतात. नातेवाईक त्याला आळस म्हणतात, आणि तो आरोप मला फार अन्यायाचा वाटतो. वीस कामं एकदम अंगावर आली की सुरुवात कुठून करायची हेच सुचत नाही. दुःखात माणसाची ठरवण्याची ताकदच आधी जाते.

चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांसारख्या एआय सहायकांचा सगळ्यात मोलाचा उपयोग मला इथे दिसतो. निबंध आणि चित्रं यांची चर्चा पुष्कळ झाली. पण थिजलेल्या माणसाला ‘आज एवढंच कर’ असं सांगणारं कुणीतरी जवळ असणं ही फार मोठी गोष्ट आहे. पूर्वी हे काम घरातला एखादा जाणता काका करायचा. आज प्रत्येक घरात तो असतोच असं नाही.

अर्धवट कामं मनाला का छळतात, यावर बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 साली संशोधन मांडलं होतं. पुरी झालेली कामं विसरली जातात, अर्धी राहिलेली आठवत राहतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच धाग्यावर 2011 मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की काम पूर्ण झालेलं नसलं तरी ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत आखला की मनातली टोचणी कमी होते. म्हणजे दिलासा मिळायला सगळी कामं संपावी लागत नाहीत, पुढचं काम ठरावं लागतं.

एक घर डोळ्यांसमोर आणू. नवरा बावन्न वर्षांचा, खासगी कंपनीत नोकरीला. नाशिकमध्ये कर्जावर घेतलेला फ्लॅट, निफाडकडे वडिलोपार्जित जमीन, दोन बँकांत खाती. तो अचानक गेला. व्यवहार सगळे तोच बघायचा. बायकोने मोबाइलवर विचारलं, ‘नवरा वारल्यावर काय काय करावं लागतं?’ तर उत्तरात पंचवीस मुद्द्यांची यादी येईल. यादी बरोबर असली तरी ती वाचून बाई फोन खाली ठेवेल, कारण ओझं होतं तेवढंच राहिलं, फक्त टाइप होऊन आलं.

विचारायची पद्धत बदलली की उत्तर बदलतं. ‘माझे यजमान गेले. खूप कामं आहेत, काही सुचत नाही. लगेच यादी देऊ नकोस. आधी मला एका वेळी एकच प्रश्न विचार,’ असं मराठीत बोलून सांगितलं तरी चालतं. मग तिकडून प्रश्न येऊ लागतात. मृत्यूची नोंद झाली का? खातं दोघांच्या नावावर होतं का? नॉमिनी कोण? गृहकर्जाबरोबर विमा काढला होता का? हा शेवटचा प्रश्न अनेक घरांत कुणालाच सुचत नाही, आणि हप्ते तसेच भरले जातात.

दुसरी विनंती अशी करावी: ‘यातलं कुठलं काम कशावर अडलंय ते सांग.’ तेव्हा कळतं की जवळपास सगळं मृत्यूच्या दाखल्यावर अडलंय. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, उशीर झाला तर विलंब शुल्क आणि वरची परवानगी लागत जाते. दाखल्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का, ते घेतानाच तपासायचं, आणि प्रती जास्त घ्यायच्या. शेतीच्या वारस नोंदीची वर्दी कायद्याने तीन महिन्यांत द्यायची असते. हा अर्ज आता ई-हक्क प्रणालीवरून घरूनही करता येतो. पुढे नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. हे पंधरा दिवस आपण काही करायचं नसतं, हे आधी कळलं तर तलाठी कार्यालयाचे दोन हेलपाटे वाचतात.

काम किती लहान करायचं याला मर्यादा ठेवू नये. ‘आज माझ्याकडे अर्धा तास आहे आणि घराबाहेर पडायचं बळ नाही’ असं सांगितलं, तर यंत्र त्या मापाचं काम शोधू शकतं. त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम पासबुक उघडण्याचं आहे. मे महिन्याच्या अखेरीस 436 रुपये वजा झाल्याची नोंद दिसते का, एवढंच बघायचं. दिसली तर ती बहुधा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची असते आणि वारसाला 2 लाख रुपये मिळतात. 20 रुपयांची नोंद असेल तर ती सुरक्षा विमा योजनेची. मृत्यू अपघाती असेल तर तिचेही 2 लाख. खातं उघडताना किंवा कधीतरी बँकेत कुणीतरी फॉर्मवर सही घेतलेली असते आणि घरात कुणाला पत्ताच नसतो. हा दावा शक्यतो 30 दिवसांत करावा असं योजना सांगते, म्हणून ते पासबुक यादीत खाली ढकलून चालत नाही. खासगी नोकरीतल्या माणसाच्या प्रॉव्हिडंट फंडाला जोडून ईडीएलआय नावाचा विमाही असतो, त्याची कमाल रक्कम 7 लाख आहे. कंपनीच्या एचआरला त्याबद्दल आपणहून विचारावं.

फोन करायचं धाडस होत नसेल, तर काय बोलायचं ते चार ओळींत लिहून घ्यावं. बँकेतल्या माणसाशी बोलताना आवाज भरून आला तरी समोरचा कागद वाचता येतो.

बेल्जियमच्या एका अभियंत्याने ‘गोब्लिन टूल्स’ नावाचं साधन काम लहान करण्याच्या याच गरजेतून बनवलं. एडीएचडी किंवा ऑटिझम असलेल्या लोकांना कामाची सुरुवात करणंच जड जातं, त्यांच्यासाठी. तिथे काम लिहायचं आणि ते किती तिखट वाटतंय ते मिरच्यांच्या खुणेने सांगायचं. मिरच्या जास्त तितके तुकडे बारीक. ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण काम किती अवघड आहे हे ते करणाऱ्यानेच ठरवायचं असतं.

आता धोक्याचं. ही यंत्रं सर्वाधिक संभवणारा मजकूर तयार करतात, आणि भारतातल्या कागदपत्रांबद्दलचा त्यांनी वाचलेला मजकूर अनेक राज्यांचा मिळून असतो. त्यामुळे ‘तहसीलदाराकडून वारस प्रमाणपत्र घ्या’ असा सल्ला ठामपणे मिळू शकतो. तमिळनाडूत ती रीत आहे. महाराष्ट्रात वारस दाखला दिवाणी न्यायालय देतं, तोही 1827 च्या मुंबई विनियमाखाली. ठेवी आणि रोख्यांसाठी लागणारं उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळं, ते 1925 च्या कायद्याचं. चुकीच्या दारात महिना गेला, तर वकिलाकडे जायचं बळही उरत नाही. नॉमिनीचंही तसंच. बँकेचा नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण मालकी वारसांचीच राहते. आयुर्विम्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीपासून जोडीदार, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच मानली जाते. दोन्ही नियमांची सरमिसळ झाली तर भावाभावांत भांडण लागतं.

म्हणून प्रत्येक पायरीवर विचारावं, ‘हे महाराष्ट्राला लागू आहे का? कुठल्या कायद्याने? मी हे कोणत्या कार्यालयात तपासू?’ आणि मिळालेलं उत्तर त्या खिडकीवर जाऊन पडताळावं. आधार, पॅन, खाते क्रमांक, ओटीपी यातलं काहीही एआय सहायकाला देऊ नये, दाखल्याचा फोटोही नाही. ‘एक सरकारी बँक, एकट्याच्या नावचं खातं, नॉमिनी पत्नी’ एवढ्या माहितीवर पायऱ्या नीट आखता येतात.

घरातल्या तरुण मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. आईच्या हातात मोबाइल देऊन ‘विचार त्याला’ म्हणून निघून जाऊ नका. शेजारी बसा. प्रश्न तुम्ही वाचा, उत्तर तिला देऊ द्या, आणि आजचं काम वहीत तिच्या अक्षरात उतरू द्या. बँकेत दाव्याचे कागद पूर्ण दिले, तर 15 दिवसांत तो निकाली काढायचा असतो. कागद दिल्याची तारीख त्याच वहीत लिहा आणि पोच मागून घ्या.

सगळ्यात शेवटी ठेवायचं काम म्हणजे विसरलेल्या खात्यांचा शोध. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, आणि 2023 पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर मृताच्या नावाने त्या शोधता येतात. त्याला घाई नाही. निधीत गेलेले पैसेही वारसाला बँकेकडे केव्हाही मागता येतात.