व्हिक्टोरियात चार तास : खिशाला परवडणारा 'आफ्टरनून टी'

अलास्का क्रूझ हे नाव आता मराठी घरांतही ओळखीचं झालंय. मुलगा-सून सिएटलला किंवा कॅलिफोर्नियात, आई-बाबा उन्हाळ्यात त्यांच्याकडे, आणि मग सगळ्यांनी मिळून ७ दिवसांची क्रूझ. हिमनद्या, व्हेल मासे, बर्फाचे डोंगर. आणि परतीच्या वाटेवर, बहुतेक वेळा शेवटच्याच संध्याकाळी, जहाज कॅनडातल्या एका सुंदर बंदरावर थांबतं. त्या शहराचं नाव व्हिक्टोरिया.

व्हिक्टोरियाला जाऊन आलेला प्रत्येक जण एकच सांगतो, "तिथला ब्रिटिश चहा चुकवू नका." म्हणून तुम्ही फोनवर किंमत बघता. एका माणसाच्या चहाला सुमारे १०० कॅनेडियन डॉलर! मनातल्या मनात रुपयांत हिशेब होतो आणि आई लगेच म्हणते, "नको गं बाई, चहाच तर आहे. घरी गेल्यावर करू."

पण थांबा. इतक्या लांब जाऊन चहा न घेता परतायचंही कारण नाही आणि महिन्याचं किराणा सामान येईल एवढे पैसे एका कपावर घालवायचंही कारण नाही. मधला रस्ता आहे. त्यासाठी थोडी माहिती आधी हवी.

जहाज इथे थांबतं तरी का?

यामागे एक गमतीशीर कारण आहे. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाला फक्त अमेरिकी बंदरांमध्येच प्रवासी फिरवून आणता येत नाहीत. मोठ्या क्रूझ कंपन्यांची बहुतेक जहाजं परदेशात नोंदलेली असतात. म्हणून सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या अलास्का क्रूझला वाटेत एखाद्या परदेशी बंदरावर थांबावंच लागतं. व्हिक्टोरिया सोयीचं पडतं.

याचा तुमच्या चहाशी काय संबंध? फार जवळचा संबंध आहे. हा थांबा बऱ्याचदा नियमापुरता असतो. त्यामुळे अनेक जहाजं इथे संध्याकाळी येतात आणि रात्री उशिरा निघतात. 'आफ्टरनून टी'च्या बैठका मात्र सकाळी उशिरा सुरू होऊन संध्याकाळच्या आत संपतात. म्हणजे तुम्ही धावत-पळत पोहोचाल तेव्हा टेबलं पुसून झालेली असतील!

म्हणून पहिलं काम किंमत बघणं नाही, तर वेळ बघणं. क्रूझच्या कार्यक्रमात व्हिक्टोरियाला पोहोचायची वेळ दुपारी २ च्या आधीची असेल, तरच बंदरावरच्या चहाचा बेत करा. संध्याकाळची असेल तर काय करायचं, तेही पुढे सांगितलंय.

१०० डॉलरचा चहा म्हणजे नेमकं काय?

व्हिक्टोरियातला सगळ्यात प्रसिद्ध चहा 'एम्प्रेस' हॉटेलमध्ये मिळतो. बंदराच्या आतल्या भागात, पाण्यासमोर उभी असलेली ही भव्य इमारत १९०८ साली सुरू झाली. फ्रान्सिस रॅटनबरी हे तिचे वास्तुविशारद. शेजारची विधानसभेची इमारतही त्यांचीच.

इथे तीन मजली स्टँड येतो. खाली बोटभर लांबीची सँडविचेस, मध्ये स्कोन, वर छोटे केक आणि पेस्ट्री. सोबत चांदीसारखी चकाकणारी भांडी, नाजूक कपबशा आणि तुम्ही निवडलेल्या चहाची किटली. तुम्ही खरं तर चहाबरोबर एक जेवण, ती जागा आणि दीड तासाचा थाट विकत घेता.

आता चार जणांचा हिशेब बघू. चौघांचे ४०० डॉलर. त्यावर ५ टक्के कर, म्हणजे २० डॉलर. टेबलावर सेवा घेतली की १५ ते २० टक्के टीप देण्याची तिथे पद्धत आहे. १८ टक्के धरली तर ७२ डॉलर. एकूण ४९२ डॉलर. एक कॅनेडियन डॉलर ६० ते ६५ रुपयांच्या आसपास धरला, तर साधारण ३० हजार रुपये.

एखाद्याची चाळिशी, कुणाच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असेल, तर हा खर्च आनंदाने करा. मनात अपराधीपणा ठेवू नका. पण फक्त 'सगळे करतात म्हणून' असेल, तर पुढचं वाचा.

मेन्यूतला एक शब्द पैसे वाचवतो

आपल्याकडे समोसे, सँडविच, केक असा संध्याकाळचा बेत असला की आपण त्याला 'हाय टी' म्हणतो. इंग्लंडमध्ये हाय टी म्हणजे मुळात कामगारांचं संध्याकाळचं पोटभर जेवण. नाजूक सँडविच आणि केकवाला तो 'आफ्टरनून टी'. १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी दुपार आणि रात्रीच्या जेवणामधल्या भुकेवर उपाय म्हणून तो रुळवला, असं सांगितलं जातं.

पण तुमच्या कामाचा शब्द तिसराच आहे, 'क्रीम टी'. नावावरून चहात क्रीम घालतात असं वाटेल. तसं नाही. क्रीम टी म्हणजे एक किटली चहा, एक-दोन स्कोन, जॅम आणि घट्ट क्रीम. बस्स. तीन मजली स्टँड नाही, म्हणून किंमतही बरीच कमी.

आणि खरं सांगायचं तर या सगळ्या थाटाचा जीव स्कोनमध्येच असतो. पाव आणि बिस्किट यांच्या मधला हा पदार्थ गरम असताना आडवा उघडायचा, त्यावर जॅम आणि आपल्या दाट सायीसारखं क्रीम लावायचं. आजी-आजोबांनाही आवडेल अशी ही चव आहे. तेव्हा चहाच्या कोणत्याही दुकानात गेलात की आधी विचारा, "क्रीम टी मिळेल का? की स्कोन आणि चहा वेगवेगळे घेता येतील?"

काउंटरवर घ्या, टेबलावर बसून प्या

एम्प्रेसपासून गव्हर्नमेंट स्ट्रीटवर थोडंसं चाललं की 'मर्चीज' हे दुकान लागतं. जॉन मर्ची यांनी १८९४ साली चहाचा हा व्यवसाय सुरू केला. इथे काउंटरवर उभं राहून हवं ते निवडायचं. चहा, स्कोन, सँडविच, केक, जे हवं तेवढंच. मग टेबल शोधून बसायचं.

चौघांसाठी दोन किटल्या चहा, चार स्कोन आणि वाटून खायला एखादं सँडविच घेतलं, तर साधारण ५०-६० डॉलरांत भागतं. म्हणजे तीन ते चार हजार रुपये. काउंटरवर पैसे देताना कार्ड मशीनवर टीपचे पर्याय दिसतील. तिथे टीप तुमच्या मर्जीवर आहे, गोंधळून मोठा आकडा दाबू नका.

शाही थाट थोडा हवाच असेल, तर एम्प्रेसपेक्षा कमी किमतीची टी हाउसही शहरात आहेत. जहाज दिवसभर थांबणार असेल, तर टॅक्सीने ॲबखाझी गार्डनला जाता येतं. जॉर्जियाचे राजकुमार निकोलस ॲबखाझी आणि त्यांची पत्नी पेगी यांनी ही बाग फुलवली. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत होता आणि ती शांघायजवळच्या जपानी छावणीत. १९४६ साली दोघांचं लग्न झालं आणि मग त्यांनी आयुष्यभर ही बाग जोपासली. त्यांच्याच घरात चहाची सोय असते. अशा छोट्या जागा ठरावीक दिवशीच उघड्या असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर वार, वेळ आणि दर नक्की बघा.

जहाज संध्याकाळी पोहोचत असेल तर?

मग चहा जहाजावरच घ्या, तोही फुकट! प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्यूनार्ड यांसारख्या अनेक कंपन्या जहाज समुद्रात असलेल्या दिवशी दुपारी ३ ते ४ च्या सुमारास आफ्टरनून टी देतात. सँडविच, स्कोन, केक, सगळं तिकिटात धरलेलं असतं. अनेक प्रवाशांना हे माहीतच नसतं, कारण त्या वेळी ते वरच्या बुफेत पिझ्झा खात असतात. जहाजाच्या ॲपमध्ये किंवा रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत 'आफ्टरनून टी' शोधा.

मग व्हिक्टोरियात संध्याकाळी फक्त फिरायचं. जून महिन्यात तिथे रात्री सव्वानऊच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे उजेड भरपूर मिळतो. अंधार पडला की विधानसभेची इमारत हजारो दिव्यांनी उजळते. पाण्याकाठच्या बाकावर बसून ते बघायला एक पैसाही लागत नाही.

एक आपल्या ओळखीचा धागा

एम्प्रेस हॉटेल बांधलं कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने. तिची जहाजंही होती आणि त्यांची नावं 'एम्प्रेस ऑफ...' अशी असत. त्यातलं 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे जहाज १८९१ पासून प्रशांत महासागरात ये-जा करायचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतलं. त्याचं रुग्णालय-जहाज झालं आणि नाव पडलं 'लॉयल्टी'. पुढे ते मुंबईच्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे आलं आणि ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून ब्रिटनकडे निघालं. त्या सफरीच्या आठवणीसाठीच आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. एम्प्रेससमोर फोटो काढताना मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

निघण्यापूर्वी हे तपासा

व्हिसा : भारतीय पासपोर्ट असलेल्यांना कॅनडात उतरायला कॅनडाचा व्हिसा लागतो. फक्त अमेरिकेचा व्हिसा पुरत नाही. मुलाकडे ग्रीन कार्ड असलं तरी त्याची सवलत आई-वडिलांना लागू होत नाही. शिवाय क्रूझनंतर अमेरिकेत परत प्रवेश करायचा असतो, म्हणून अमेरिकेचा व्हिसा किती प्रवेशांचा आहे तेही बघा. क्रूझचं बुकिंग करण्याआधीच हे कंपनीला विचारा.

अंतर : जहाजं ऑग्डन पॉइंटला लागतात. तिथून एम्प्रेस साधारण दोन-अडीच किलोमीटर. रस्ता सपाट आणि छान आहे, अर्ध्या तासात चालत पोहोचता येतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी शटल बस आणि टॅक्सी असतात. एक युक्ती, जाताना गाडीने जा आणि येताना सगळ्यांची तयारी असेल तर चालत या.

शाकाहार : तिथे 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं चालतं असं धरतात. केकमध्ये, लेमन कर्डमध्ये, कधी स्कोनमध्येही अंडं असतं. सँडविचमध्ये काकडीच्या शेजारीच सामन मासा किंवा चिकन असू शकतं. अंडं चालत नसेल तर "नो एग्ज" असं स्पष्ट सांगा. बुकिंग करत असाल तर ते त्याच वेळी कळवा, कारण ऐन वेळी वेगळा स्टँड बनवून मिळेलच असं नाही.

चहा : आपला उकळलेला चहा इथे मिळणार नाही. 'चाय' मागितलात तर मसाल्याचं गोडसर दूध हातात येऊ शकतं. कडक चहाची सवय असेल तर आसाम किंवा इंग्लिश ब्रेकफास्ट मागवा. किटलीत चार-पाच मिनिटं मुरू द्या आणि दूध वेगळं घ्या.

वाटून खाणं : मोठ्या हॉटेलांत दोघांत एक स्टँड सहसा चालत नाही, प्रत्येकाचे पैसे घेतात. लहान मुलांसाठी मात्र अनेक ठिकाणी कमी दराचा मेन्यू असतो. बसण्यापूर्वीच विचारून घ्या.

परतीची वेळ : जहाज सुटण्याची वेळ आणि जहाजावर परत येण्याची शेवटची वेळ यात अर्ध्या-एक तासाचा फरक असतो. घड्याळात दुसरी वेळ धरा.

आणि शेवटी आई-बाबांसाठी. रुपयांत हिशेब करण्याची सवय वाईट नाही, त्याच सवयीवर तर आपली घरं उभी राहिली. पण हिशेब करून झाल्यावर "नको" म्हणण्याआधी अजून एक प्रश्न विचारा, "याच्यातलं आपल्याला नक्की काय हवंय?" उत्तर जर गरम स्कोन, किटलीभर चहा आणि मुला-नातवंडांबरोबर निवांत तासभर गप्पा असं असेल, तर ते जेमतेम १५ डॉलरांत मिळतं. हॉटेलचा दिमाख पाण्याकाठच्या बाकावरूनही तेवढाच छान दिसतो.