दोन रेषा जिथे छेदतात

मामांच्या खोकल्यावर चार महिने टीबीची औषधं चालू होती. एक्स-रेवर डाग, संध्याकाळी बारीक ताप, उतरत चाललेलं वजन. आपल्याकडे एवढ्यावरून आधी टीबीच आठवतो, आणि त्यात कुणाला फार दोषही देता येत नाही. टीबी आपल्याकडे आहेच तेवढा. औषधांनी फरक पडेना तेव्हा सीटी स्कॅन झाला, मग सुईने तुकडा काढला आणि रिपोर्ट आला : फुप्फुसाचा अडेनोकार्सिनोमा, चौथी स्टेज. त्या रात्री सगळे घरी जमले होते. धाकटा मामेभाऊ मोबाइलवर वाचून आला होता. म्हणाला, “केमो कशाला? सरळ इम्युनोथेरपी देऊ या ना.”

हा प्रश्न मी त्यानंतर कितीतरी घरांत ऐकला. केमो म्हणजे जुनी, विषारी, केस घालवणारी. इम्युनो म्हणजे नवी, अंगाला न लागणारी. मामांच्या निमित्ताने मी त्या विषयात शिरले ती अजून बाहेर आलेले नाही.

केमोथेरपी विषातूनच आली, हे खरं आहे. पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅसच्या जातीचं एक रसायन १९४२ साली अमेरिकेत येल विद्यापीठात लिम्फोमाच्या रुग्णाला दिलं गेलं आणि गाठी वितळल्या, काही काळापुरत्या. मग १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांवर फॉलिक ॲसिडला अडवणारं औषध वापरल्याचं प्रसिद्ध केलं. ते औषध लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलं होतं, आणि तिथलं संशोधन चालवत होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं, पण ते विजेने नव्हे, तारांतून सुटलेल्या प्लॅटिनमने. त्यातून सिसप्लॅटिन निघालं. फुप्फुसाच्या केमोचा कणा आजही प्लॅटिनमचाच आहे.

तरीही फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरला केमो द्यावी की नुसतं दुखणं हलकं करावं, यावर डॉक्टरांचं बराच काळ एकमत नव्हतं. १९९५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब आला : सिसप्लॅटिनवर आधारलेल्या केमोने वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण शंभरात सुमारे १० जणांनी वाढत होतं. २००२ मध्ये अमेरिकेत चार वेगवेगळ्या केमो एकमेकींशी ताडून पाहिल्या. चारही सारख्याच ठरल्या, आणि निम्मे रुग्ण ८ महिन्यांच्या आतच गेलेले होते. केमोची धाव तिथे संपल्यासारखी वाटली.

त्यानंतर जे घडलं त्याची मुळं जपानमध्ये आहेत. क्योटोच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ हे प्रथिन शोधलं. आपल्या टी-पेशींना आवर घालणारा हा ब्रेक आहे. एरवी तो हवाच, नाहीतर त्या पेशी स्वतःच्याच शरीरावर उठतील. कॅन्सरची पेशी मात्र आपल्या अंगावर पीडी-एल१ मिरवते आणि तोच ब्रेक दाबून ठेवते. इम्युनोथेरपीचं औषध गाठीला हात लावत नाही. ते फक्त ब्रेकवरचा पाय काढतं. जेम्स ॲलिसन यांनी अशाच दुसऱ्या ब्रेकवर काम केलं. दोघांना मिळून २०१८ चं नोबेल मिळालं.

आता ज्या आलेखासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो. २०१५ साली चेकमेट-०५७ ही चाचणी प्रसिद्ध झाली. प्लॅटिनमची केमो घेऊनही आजार वाढलेले ५८२ रुग्ण. काहींना पीडी-१ चा ब्रेक सोडवणारं नवं निवोलुमॅब, काहींना डोसिटॅक्सेल ही केमो. जिवंत रुग्णांचं प्रमाण दाखवणाऱ्या दोन रेषा जिन्यासारख्या पायरी पायरी खाली उतरतात. पहिले काही महिने केमोची रेषा मागे नाही, उलट काकणभर वरच आहे. मग दोघी एकमेकींना छेदतात आणि निवोलुमॅबची रेषा वर राहते. निम्मे रुग्ण हयात असण्याचा काळ केमोवर ९.४ महिने, निवोलुमॅबवर १२.२. नुसता हा फरक पाहिला तर एवढ्यासाठी नोबेल का, असं वाटेल. पण पुढे ही आणि हिची जोडचाचणी मिळून ५ वर्षांनी मोजणी झाली तेव्हा केमोच्या गटात शंभरात २.६ जण उरले होते आणि निवोलुमॅबच्या गटात १३.४. चौथ्या स्टेजचा फुप्फुसाचा कॅन्सर, पहिलं औषध हरलेलं, आणि पाच वर्षं! मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा पुन्हा तपासला होता.

त्या छेदाचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. केमो लगेच कामाला लागते, पुष्कळ जणांना थोडं थोडं देते आणि तिचा असर ओसरतो. इम्युनोला उठायला वेळ लागतो, बऱ्याच जणांच्या बाबतीत ती उठतच नाही. पण ज्यांच्यात उठते त्यांना वर्षं देते. सरासरीच्या भाषेत या दोघींची तुलना नीट होतच नाही.

मग उठणार कुणाच्यात, हे आधी कळावं म्हणून पीडी-एल१ ची तपासणी. २०१६ च्या कीनोट-०२४ मध्ये किमान निम्म्या कॅन्सरपेशींवर पीडी-एल१ असलेले ३०५ रुग्ण घेतले होते. पेम्ब्रोलिझुमॅब हे तसंच इम्युनो औषध घेणाऱ्यांपैकी ५ वर्षांनी ३१.९ टक्के हयात होते, केमोने सुरुवात करणाऱ्यांपैकी १६.३ टक्के, आणि या दुसऱ्या गटातल्या अनेकांना पुढे इम्युनो मिळालीच होती. त्याच वर्षी निवोलुमॅबने ५ टक्क्यांची हलकी अट लावून केलेला तसाच प्रयोग फसला, केमोपेक्षा काही सरस निघालं नाही. औषधं एकाच घराण्यातली, पण रुग्ण कोण निवडले त्यावर पारडं फिरलं.

दोन्ही एकत्र दिल्या तर? २०१८ च्या कीनोट-१८९ ने तेच केलं. नुसत्या केमोवर वर्षाअखेर ४९.४ टक्के हयात होते, जोडीवर ६९.२. केमोने सुरुवातीचा काळ सांभाळायचा, तोवर इम्युनोला सवड मिळते. म्हणून आज पुष्कळ रुग्णांपुढे ‘केमो की इम्युनो’ हा प्रश्नच नसतो.

काहींना मात्र इम्युनोची घाई महागात पडते, आणि हे मला मोठ्याने सांगायचं आहे. आयुष्यात बिडी-सिगारेटला न शिवलेल्या अनेकांच्या गाठीत, त्यात बायका पुष्कळ, ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असतो. भारतात असे रुग्ण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच जास्त आहेत. अशा गाठीवर इम्युनो सहसा चालत नाही. तिथे रोजची गोळी हे मुख्य औषध. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये ३५० रुग्णांवर चाचणी झाली. गेफिटिनिबच्या गोळीला केमोची जोड दिली तेव्हा आजार आवाक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. म्हणजे इथे जुनी केमोच मदतीला आली. पण रिपोर्ट येण्याआधीच कुणी इम्युनो दिली आणि मागाहून याच जनुकासाठीची ओसिमर्टिनिबची गोळी सुरू झाली, तर फुप्फुसाला जिवावर बेतणारी सूज येण्याचा धोका वाढतो. जनुकांच्या रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. ते जीव मुठीत धरून काढावे लागतात, मला माहीत आहे. पण प्रकृती तग धरत असेल तर ते काढावेत.

‘इम्युनो अंगाला लागत नाही’ हेही अर्धंच खरं. डे-केअरच्या खुर्चीत मामांच्या शेजारी एक बाई पेम्ब्रोलिझुमॅब घ्यायच्या. अर्ध्या तासात सलाइन उतरायचं, केस जागच्या जागी. मामांचे आधीची इंजेक्शनं, मग पेमेट्रेक्सेड, मग कार्बोप्लॅटिन असे तासन् तास जायचे. पण त्याच बाईंना पाचव्या वेळेला थायरॉइड बंद पडल्याचं कळलं. गोळी आता जन्मभर. ब्रेक सुटलेल्या पेशी आतड्यावर, यकृतावर, फुप्फुसावर, क्वचित हृदयावरही जातात, आणि तेव्हा स्टिरॉइड लगेच लागतात. केमोचा त्रास बहुधा ठरल्या दिवशी येतो नि जातो. इम्युनोचा महिन्यांनीही उगवू शकतो. साधा जुलाब किंवा दम म्हणून तो अंगावर काढला की घात होतो.

मामांच्या उशाशी फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी असे. पेमेट्रेक्सेड फॉलिक ॲसिडची वाट अडवतं, म्हणून निरोगी पेशींना सावरायला ती रोज घ्यावी लागते. सुब्बारावांच्या कामाचा धागा सांगलीजवळच्या आमच्या घरातल्या त्या डबीपर्यंत आला होता. मामींनी एका शाळेच्या वहीत सगळं लिहून ठेवलं होतं : केमोची तारीख, वजन, पांढऱ्या पेशी, ‘आज भाकरी खाल्ली’.

मामांचा पीडी-एल१ ७० टक्के होता, जनुकांत बदल नव्हता. कीनोट-०२४ मध्ये बसावा असा रुग्ण. डॉक्टरांनी इम्युनो सुचवलीही. पण दर तीन आठवड्यांना लाखांत खर्च, आणि तो दोन वर्षं. मुलं दोन एकर विकायला निघाली तेव्हा मामा म्हणाले, “आजार माझा, रान पोरांचं.” विषय संपला.

ही किंमत कमी करण्याचे प्रयत्न होताहेत. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ड्युर्व्हालुमॅब या इम्युनो औषधावरचं सीमाशुल्क काढलं गेलं. त्याहून मोठी उमेद मला टाटामधल्याच एका कामाची वाटते. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांत तोंडाने घ्यायच्या स्वस्त केमोला निवोलुमॅबचा अगदी छोटा, २० मिलिग्रॅमचा डोस जोडला. वर्षाअखेर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमचा. म्हणजे १०० मिलिग्रॅमची एक कुपी पाच जणांना पुरते. हे फुप्फुसाला जसंच्या तसं लावता येत नाही, त्याला त्याची स्वतःची चाचणी हवी. पण कमी डोस पुरतो का, हे विचारण्याची गरज श्रीमंत देशांपेक्षा आपल्याला जास्त आहे.

मामांना केमोवर १४ महिने मिळाले. त्यातले दहा चांगले गेले. एक ऊस तुटून कारखान्याला गेलेला त्यांनी बांधावर उभं राहून पाहिला. वही मामींनी अजून ठेवली आहे. शेवटच्या नोंदीनंतर बरीच पानं कोरी आहेत, आणि त्यांत हॉस्पिटलने दिलेला इम्युनोथेरपीच्या खर्चाचा कागद चौघडी घालून ठेवला आहे.