कोपरापासून पुढचा हात

काठमांडूला लागून असलेल्या पाटणच्या दरबार चौकात चार नारायण मंदिराच्या छपराखाली उभं राहून मान वर केली, की छपराला तिरका आधार देणारे लाकडी धिरे दिसतात. नेपाळात त्यांना टुंडाल म्हणतात. प्रत्येकावर देव कोरलेला आहे. त्यातल्या एका देवाचा हात कोपरापर्यंत काळपट आणि कोपरापासून पुढे उजळ, ताज्या लाकडाच्या रंगाचा आहे. सांधा स्पष्ट दिसतो. पण मनगटाचा बाक, कड्याची नक्षी, बोटांची ठेवण एकाच हाताची. वरचा भाग कोरणारा माणूस साडेचारशे वर्षांपूर्वी गेला, खालचा भाग कोरणारा कदाचित त्याच शहरात जेवत असेल, या विचाराने मी तिथून हलूच शकले नाही. आमच्या सहलीच्या कार्यक्रमात पाटणला दीड तास होता. मंडळी दुसऱ्या दिवशी पोखऱ्याला गेली, मी पाटणलाच राहिले.

विचारत विचारत एका मागच्या गल्लीत पोचले. विटांचं अंगण, वर पत्रा, खाली भुशाचा थर, आणि दारातच एक वास. तासलेल्या सालाच्या लाकडाचा. आपण धूपात घालतो ती राळ सालाच्याच झाडाची. त्यामुळे हा वास अनोळखी वाटत नाही, देवघरातला वाटतो. पण त्या अंगणात दुसराही एक वास होता. भिंतीशी रचून ठेवलेल्या जुन्या तुकड्यांचा: काजळी, दिव्याचं तेल, कबुतरांची विष्ठा, ओल. दोन्ही वास एकमेकांत मिसळत नव्हते. मी तिथे परत परत गेले त्याचं एक कारण हे वास होते.

दुसरं कारण म्हणजे भक्तपूरहून रोज बसने येणारे साठीचे कारागीर. मी त्यांना दाइ, म्हणजे दादा, म्हणायचे, ते मला दिदी. बोलणं हिंदीत, अडलं की नेपाळीत. मी पहिलाच प्रश्न विचारला, एक टुंडाल कोरायला किती वेळ लागतो? त्यांनी मान वर न करता सांगितलं, “तीन महिने.”

तीन महिने. एक माणूस, एक ओंडका, एक देव. आणि एका मंदिराला असे टुंडाल डझनांनी लागतात.

25 एप्रिल 2015 ला, शनिवारी, दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना 7.8 तीव्रतेचा धक्का बसला. नेपाळात शनिवारी सुट्टी असते, शाळा रिकाम्या होत्या, म्हणून असंख्य मुलं वाचली. तरीही जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. पाटणच्या चौकात चार नारायण आणि त्याच्या शेजारचं हरिशंकर ही दोन्ही मंदिरं काही क्षणांत जमीनदोस्त झाली. 1637 चं दगडी कृष्ण मंदिर तडे जाऊनही उभं राहिलं. त्यानंतर जे झालं ते दाइंनी डोळ्यांनी पाहिलेलं. गल्लीतली माणसं, पोलीस, सैनिक यांनी ढिगाऱ्यातून लाकूड उचलून हातोहात राजवाड्याच्या आवारात नेलं. देवाचं बोट, कमळाची पाकळी, खिडकीची जाळी, जे हाती लागेल ते. या चौकात तीसहून अधिक वर्षं काम करणाऱ्या काठमांडू व्हॅली प्रिझर्व्हेशन ट्रस्टने हे तुकडे लावून पाहायला घेतले, आणि दोन्ही मंदिरं पुन्हा उभी राहिली ती बऱ्याच अंशी त्याच जुन्या लाकडातून.

आपण नेपाळला जातो ते पशुपतिनाथ, मुक्तिनाथ आणि हिमशिखरांसाठी. पाऊस होऊन गेलेल्या सकाळी पाटणच्या गच्चीवरूनही उत्तरेला गणेश हिमाल आणि लांगटांग दिसतात. ज्या रेट्याने भारताचा भूखंड आशियाखाली सरकतो आणि ही शिखरं वर येतात, तोच रेटा खाली देवळं पाडतो. 2015 च्या त्या एका मिनिटात काठमांडूची जमीन जवळपास एक मीटर वर उचलली गेली. शिवाय काठमांडूचं हे खोरं म्हणजे एका प्राचीन तळ्याचा गाळ. त्यात धक्का जास्त हेलकावतो. 1833 ला हेच झालं, 1934 ला हेच झालं. इथले नेवार कारागीर हे पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. त्यांच्या देवळाचा सगळा बांधाच पुन्हा खोलून जुळवता येईल असा आहे.

तो बांधा जवळून पाहिला तेव्हा मला या कामाची खरी उंची कळली. लाकडाला लाकूड जोडायचं ते कुसू आणि खाच पाडून, आणि वर खुंटी ठोकून. खुंटीला ते चुकुल म्हणतात. खिळा नाही. लोखंड गंजतं आणि लाकूड फाडतं. खुंटी मात्र हादऱ्यात जराशी सरकते, सांधा थोडा हलू देते आणि धरून ठेवते. भक्तपूरचं पाच मजली न्यातपोल 1702 चं आहे. 1934 मध्ये त्याच्या वरच्या भागाची पडझड झाली, 2015 मध्येही इजा झाली, पण देऊळ उभं आहे. मग चार नारायण का पडलं? दाइंनी भिंतीशी ठेवलेला एक जुना खांब दाखवला. वरून ठणठणीत, आणि खालचं कुसू बोटाने चुरा व्हावा असं कुजलेलं. “कौल फुटलं, पाणी गळत राहिलं, वर चढून कोणी पाहिलं नाही,” ते म्हणाले. दोष विद्येचा नव्हता, दुर्लक्षाचा होता. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकलं, आणि मला ते पूर्ण पटतं.

ओंडका कापणं, वाळवणं, रंधा मारणं ही कामं तरुण पोरं करतात. दाइंचं काम त्यानंतर सुरू होतं. मांडी घालून बसायचं, ओंडका पायाने धरायचा, डाव्या हातात पटाशी, उजव्या हातात लाकडी मोगरी. बाजूला फडक्यावर ओळीने पटाश्या मांडलेल्या, काही रुंद, काही गोल तोंडाच्या, काही दाभणाइतक्या बारीक. आधी खोल भाग काढायचा, मग अंग, मग दागिने, चेहरा सर्वांत शेवटी. मी पाहत होते तेव्हा एका हाताच्या आतली बाजू चालू होती, छातीजवळची, जी खालून कुणालाही दिसणार नाही. तिथेही त्यांनी बाजूबंदाचे मणी पुरे केले. मी विचारलं, हे कोण पाहणार? ते म्हणाले, “मी पाहिलं ना.”

त्यांच्यासमोर खिळ्याला एक रंगीत फोटो टांगलेला होता. कुणा पर्यटकाने पूर्वी काढलेला. पुढे एक कुटुंब उभं, आणि त्यांच्या डोक्यावर, कोपऱ्यात, मंदिराच्या छपराची खालची बाजू. तेवढाच भाग मोठा करून छापला होता. हरवलेल्या हाताची मुद्रा काय होती, हे सांगणारा पुरावा तेवढाच. फोटो नसता तर? मोगरी थांबली. “तर हात कोरला नसता. अंदाजाने देव करायचा नाही.”

या एका मुद्द्यावर तज्ज्ञांमध्ये मोठे मतभेद आहेत. 1964 च्या व्हेनिस सनदेप्रमाणे जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवा भाग जुन्यापासून वेगळा ओळखू आला पाहिजे. या विचाराचे काही लोक पुढे जाऊन म्हणतात की नव्या तुकड्यावर कोरीवकाम करूच नये, लाकूड साधं ठेवावं. युरोपातल्या एखाद्या पडक्या किल्ल्याला ते शोभत असेल. पण चार नारायण हे वस्तुसंग्रहालयातलं दालन नाही, तिथे पूजा होते. भंगलेली मूर्ती आपणही पूजत नाही. दाइ हे सोप्या शब्दांत सांगतात: “हात तुटलेल्या देवाला नमस्कार करून लोक मागणार काय?” मला त्यांचंच बरोबर वाटतं. पुरावा असेल तिथे हात पुरा कोरावा, आणि नव्या लाकडाचा रंग तसाच ठेवावा, म्हणजे कुणाची फसवणूकही होत नाही. छपराखालचा तो दोन रंगांचा हात नेमकं हेच करतो.

उलट काठमांडूत राणी पोखरीच्या बाबतीत काय होऊ घातलं होतं ते आठवावं. राजा प्रताप मल्लाने 1670 मध्ये बांधलेल्या या तलावाच्या आणि त्यातल्या देवळाच्या दुरुस्तीत भूकंपानंतर काँक्रीट आलं. लोक रस्त्यावर उतरले, काम थांबलं, आणि अखेर वीट, चुना, सुरखी वापरून 2020 मध्ये ते पुरं झालं. वेळ गेला, पण देवळासारखं देऊळ आणि तलावासारखा तलाव राहिला. काँक्रीटने तीन आठवड्यांत होणारं काम लाकडाने तीन महिन्यांत होत असेल, तर तीन महिने द्यावेत. ज्या छपराला शतकं काढायची आहेत त्याच्यापुढे तीन महिने काहीच नाहीत.

हे लिहिताना पुण्यातल्या आमच्या आळीतला वाडा डोळ्यांसमोर येतो. सागवानी सुरूचे खांब, महिरपी, गणेशपट्टी. तो पाडला तेव्हा खांब वजनावर विकले गेले. त्यांना नवं कुसू जोडून देणारा सुतार कुणी शोधलाही नाही. पाटणला असा माणूस आजही आहे, त्याच्या शेजारी बसून कमळाच्या पाकळ्या गिरवणारा विशीतला मुलगाही आहे. त्या मुलाचे दोन वर्गमित्र आखाती देशांत गेले. तो राहिला, कारण भूकंपानंतर हाताला काम आहे. दहा वर्षांनी असेल का, हे त्याला सांगता येत नाही. सगळी मंदिरं उभी राहिली की कारागिराला घरी पाठवायचं आणि पुढच्या धक्क्यानंतर पुन्हा शोधायचं, असं होता कामा नये. छपरावर दरवर्षी चढून कौलं पाहणं, कुजलेली खुंटी वेळेवर बदलणं, यालाही पगार लागतो. पर्यटकाच्या तिकिटातून येणारा पैसा आधी तिथे जायला हवा.

तेव्हा नेपाळची सहल ठरवाल त्या वेळी आयोजकाला सांगा की पाटणला दीड तास पुरणार नाही, एक अख्खी सकाळ हवी. चौकात गेल्यावर छपराखाली उभे राहा आणि वर पाहा. फोटो काढताना एक तरी टुंडालांचा, जवळून, स्वच्छ काढा. आणि तुम्ही किंवा तुमचे आईवडील 2015 च्या आधी तिथे जाऊन आला असाल, तर घरातला तो अल्बम उघडा. कुटुंबाच्या डोक्यावर छपराचा कोपरा आला असेल तर तो फोटो स्कॅन करून पाटणच्या संग्रहालयाला किंवा नेपाळच्या पुरातत्त्व विभागाला पाठवा. त्याच्यावरून एखादा हात पुरा होऊ शकतो.